कडीची वीस मते

रविवार, १६ जून २०१९, सकाळी साडेदहा वाजता मुर्तेन्स फुटबॉल क्लबच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात तीन सदस्य हजर होते. घटनेप्रमाणे सभा सुरू होण्यासाठी एकशे अठ्ठ्याहत्तर सदस्य लागत होते.

तिघांपैकी एक पाल्मीराबाई. त्या सभेच्या अध्यक्षा. अडतीस वर्षे गावच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे गावातल्या बहुतेकांना त्यांनी कधी ना कधी फळ्यापाशी उभे केलेले. दुसरा कुश्तोदियू, क्लबचा जुना गोलरक्षक. सभागृहाची किल्ली त्याच्याकडे असल्याने त्याला येणे भाग होते. तिसरा बेल्मिरू शरुआ. वय बासष्ट. एकोणीस हंगाम मधल्या फळीत खेळून निवृत्त झालेला, आणि त्या निवृत्तीला पंचवीस वर्षे उलटली तरी क्लबमधून न सुटलेला.

सभेच्या नोटिशीत शेवटची ओळ नेहमीचीच होती : ठरल्या वेळी पुरेसे सदस्य न जमल्यास अर्ध्या तासाने, त्याच जागी, जमतील तेवढ्या सदस्यांत सभा घेतली जाईल. वाल द मुर्ता गावात ही ओळ सर्वांना पाठ होती. म्हणून साडेदहाला कोणी येत नसे आणि अकराला सगळे येत. साडेदहाची सभा केवळ रद्द होण्यासाठी बोलावली जाई.

"साडेदहाला येणारा तू एकटाच मूर्ख," कुश्तोदियू खुर्च्या मांडत म्हणाला. "केस पांढरे झाले, अजून अक्कल नाही आली."

"नोटिशीत साडेदहा लिहिलंय."

"नोटिशीत असंही लिहिलंय की आज क्लबचा अध्यक्ष निवडायचाय. त्याच्यावरही विश्वास ठेवलास की काय?"

पाल्मीराबाईंनी घड्याळ पाहून वहीत पहिल्या सभेची नोंद केली : गणसंख्येअभावी तहकूब. मग त्या चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "कुश्तोदियू, खुर्च्या सरळ रेषेत मांड. आणि त्याला छळू नकोस. आज त्याला छळायला पुष्कळजण येणार आहेत."

बेल्मिरू भिंतीजवळच्या खुर्चीत उजवा पाय लांब करून बसला. त्या गुडघ्यातली कूर्चा १९८४ साली काढली होती, आणि आता तो गुडघा नव्वद अंशांपलीकडे वाकत नसे. क्लबचा जिना एकोणीस पायऱ्यांचा होता. बारावी पायरी इतरांपेक्षा दोन सेंटिमीटरने उंच होती, हे गावात फक्त त्याच्या गुडघ्याला ठाऊक होते. खालच्या बारमध्ये ओव्याची पाने घालून गोगलगायी शिजायला ठेवल्या होत्या, त्यांचा वास जिन्यावरून वर येत होता.

त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवून पाहिला. घडी केलेला कागद जागेवर होता.

कागदावर चार ओळी होत्या. त्या त्याने शुक्रवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिल्या होत्या. पहिल्या ओळीत सभेला नमस्कार, दुसऱ्या ओळीत आभार, तिसऱ्या ओळीत आपण अध्यक्षपद शक्यतो स्वीकारू शकणार नाही असे, आणि चौथ्या ओळीत क्लबला शुभेच्छा. त्याची बायको दिओलिंदा हिने हात पुसून कागद वाचला, त्याच्याच हातातले पेन घेतले, 'शक्यतो' हा एक शब्द खोडला आणि पुन्हा भांडी विसळू लागली.

तिच्या मावशीने तिच्या नावे ठेवलेले, समुद्रकाठच्या पोर्तू कोवू गावातले घर दोन खोल्यांचे होते. खिडकीतून समुद्र दिसे. एक जुलैला सामानाची गाडी ठरली होती. तेवीस खोकी बांधून ओसरीत रचून ठेवली होती आणि उरलेल्या दोन बशांतच दोघे आठवडाभर जेवत होती. अध्यक्षपद तीन वर्षांचे होते. अध्यक्षाने गावात राहिले पाहिजे, असे घटनेत स्पष्ट होते. म्हणजे आज हो झाले तर तेवीस खोकी पुन्हा उघडावी लागणार, आणि दिओलिंदा पासष्टीत शिरेपर्यंत समुद्र तसाच लांब राहणार.

बेल्मिरूला लोक कडी म्हणत. मागची बचावफळी आणि पुढची मधली फळी यांच्यामध्ये जो एकटा उभा राहतो, दार आतून लावल्यासारखा, त्याला तिकडे सगळेच कडी म्हणतात. पण इतर कड्यांना नावे होती, याचे नाव मैदानात कोणी घेत नसे. एकूण सामने पाचशे अकरा, गोल सात. गोल करणे हे त्याचे कामच नव्हते. समोरून येणारा माणूस थांबवायचा, चेंडू काढून घ्यायचा आणि ज्याला खेळता येते त्याच्याकडे द्यायचा, एवढेच काम. सकाळी तो संगमरवराच्या कारखान्यात लाद्यांची जाडी मोजत असे आणि दुपारी मैदानात येत असे. मैदानावर त्या काळी गवत नव्हते. रेषा चुन्याच्या नसत, कारखान्यातून आणलेल्या संगमरवराच्या भुकटीच्या असत. घसरून चेंडू काढला की मांडीची साल जाई आणि जखमेत ती भुकटी भरे. त्याच्या डाव्या मांडीवर अजून एक पांढरट वळ होता. डॉक्टर म्हणाले होते, हा आता तुमच्याबरोबरच जाईल.

गावाबाहेर तो एकदाच खेळला. १९८१ साली समुद्रकाठच्या एका पहिल्या श्रेणीच्या क्लबने त्याला बोलावले. दिओलिंदा तेव्हा तेवीस वर्षांची होती. चौदा महिने ती रोज संध्याकाळी बंदराच्या भिंतीवर जाऊन बसत असे. मग ऑक्टोबरच्या एका रविवारी मुर्तेन्सचे तेव्हाचे अध्यक्ष, खाणवाले तिओदोझियू, मेंढीच्या दुधाचे चीज आणि तेलाच्या दोन बाटल्या घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. दिओलिंदाने लसूण-कोथिंबिरीच्या पाण्यात पाव भिजवून वर अंडे फोडून वाढले. म्हातारा जेवला, तोंड पुसले आणि रडू लागला. संघ तळाला आहे, म्हणाला. तुझ्या जागी तीन जण लावून पाहिले, म्हणाला. "ये" असे तो एकदाही म्हणाला नाही. तो इतकेच म्हणाला, "दुसरं कोण आहे?"

त्यानंतर हाच प्रश्न ठरावीक अंतराने येत राहिला. चौतिसाव्या वर्षी बेल्मिरूने बूट खिळ्याला टांगले, तेव्हा संघ खालच्या श्रेणीत घसरला होता. फक्त एक हंगाम, दुसरं कोण आहे? एकाचे तीन झाले. मग मुलांचा प्रशिक्षक मिळेना, म्हणून सहा वर्षे ते. मग मैदानावर गवत लावले, त्याला पाणी घालायला माणूस मिळेना, म्हणून ते. मग जिल्हा संघटनेकडे नोंदणीचे कागद भरायला. दर वेळी तो घरी येऊन दिओलिंदाला सांगे, आणि दर वेळी ती "बरं" म्हणे. चाळीस वर्षांत ती कधी भांडली नाही. भांडली असती तर त्याला सोपे गेले असते.

अकराला दोन मिनिटे कमी असताना जिना वाजू लागला.

सगळे एकदम आले, जणू कोपऱ्यावर दबा धरून बसले होते. दिओलिंदाही आली, ती १९७९ पासून सदस्य होती. तिने निळा झगा घातला होता आणि हातात पंखा होता. ती बेल्मिरूशेजारी बसली.

"कागद आहे?" तिने समोर पाहत विचारले.

"आहे."

"वाचशील ना?"

"वाचेन."

"मोठ्याने वाच. मागे ऐकू जात नाही." आणि ती पंखा हलवू लागली.

पाल्मीराबाईंनी मोजले : सत्तेचाळीस. बरोबर अकराला त्यांनी टेबलावर पेन वाजवले. निवडणुकीची ही तिसरी सभा होती. आधीच्या दोन्ही सभांत अध्यक्षपदासाठी एकही नाव आले नव्हते. मावळते अध्यक्ष एवारिश्तू रोझादू, गावातले औषधवाले, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर पद सोडत होते. तीस जूनपर्यंत नव्या अध्यक्षाच्या सहीने संघाची नोंदणी झाली नाही, तर पुढच्या हंगामात मुर्तेन्स कुठल्याच श्रेणीत नसणार होते. त्र्याण्णव वर्षांत असे कधी झाले नव्हते.

"कोणाचं नाव?" बाईंनी विचारले.

पंख्याचा आवाज तेवढा ऐकू आला.

"शाळेत मी असं विचारलं की निदान खिडकीबाहेर तरी बघायचात," पाल्मीराबाई म्हणाल्या. "आता माझ्याकडेच बघताय. ठीक. कलम एक्केचाळीस. तिसऱ्या सभेत दहा सदस्यांनी मिळून हजर असलेल्या कोणाचंही नाव सुचवता येतं. त्या माणसाने नकार दिला नाही, तर मतदान."

एवारिश्तू उठला. त्याच्या हातात दहा सह्यांचा कागद आधीच तयार होता.

"बाई, आणि मित्रहो," तो म्हणाला, "मी भाषण करणार नाही."

"बरं झालं," मागून कोणी म्हणाले, "गोगलगायी गार होतील."

"तू गप रे. मी एवढंच म्हणतो, या क्लबसाठी आयुष्य घातलेला माणूस इथे बसलाय. आम्ही सगळ्यांनी विचार केला. एकाच नावाशी येऊन थांबतो. कडी!" त्याने बेल्मिरूकडे हात केला. "नाहीतर दुसरं कोण आहे?"

बेल्मिरू उठला. हात खिशाकडे गेला. कागदाचे टोक बोटांना लागले. एवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. त्याला वाटले, टाळ्या थांबल्या की वाचू. पण त्या थांबेनात. मागच्या रांगेतले तरुण सदस्य पाय आपटू लागले, "क-डी, क-डी" असा घोष झाला. त्याचा उजवा गुडघा उभे राहून कुरकुरू लागला. आधी भिंतीला हात टेकला, मग खुर्चीच्या पाठीला. आणि टाळ्या थांबायच्या आत गुडघ्याने आपला निर्णय घेतला. तो खाली बसला.

माणूस बसला, म्हणजे त्याला काही म्हणायचे नाही. सभागृहाने तसाच अर्थ काढला.

"बेल्मिरू," पाल्मीराबाईंनी मुद्दाम थांबून विचारले, "नकार आहे?"

दिओलिंदाचा पंखा थांबला.

त्याला उत्तर माहीत होते. चार ओळी पाठ होत्या. पण नाही म्हणायला उठावे लागणार होते, बोलावे लागणार होते, सेहेचाळीस चेहरे पाहावे लागणार होते. हो म्हणायला काहीच लागत नव्हते. आयुष्यभर तो असाच हो म्हणत आला, हे त्याच्या पहिल्यांदा लक्षात आले : इच्छेने नव्हे, थकव्याने.

"मतदान घ्या," तो म्हणाला.

दिओलिंदाने पंखा मिटून मांडीवर ठेवला. "बरं," ती म्हणाली.

मुर्तेन्समध्ये सर्वांना एकच मत नसे. दुसऱ्याच एका खाणमालकाने १९८३ साली दोनशे कामगारांना एका रात्रीत सदस्य करून क्लब ताब्यात घेण्याचा घाट घातला होता. तेव्हापासून घटनेत मतांना वजन आले. दहा वर्षांच्या आतला सदस्य, पांढरा कागद, एक मत. दहा ते पंचवीस वर्षे, हिरवा कागद, पाच मते. पंचवीस वर्षांपुढे, पिवळा कागद, वीस मते. कागदावर एक चौकट छापलेली. चौकटीत फुली म्हणजे उमेदवाराच्या बाजूने, चौकट रिकामी म्हणजे कोरे मत. निम्म्याहून जास्त मते बाजूने पडली तर निवड.

त्या दिवशी पांढरे एकोणतीस, हिरवे सात आणि पिवळे अकरा कागद वाटले गेले. एकूण मते दोनशे चौऱ्याऐंशी.

रंगमंचाच्या पडद्यामागे टेबल ठेवले होते. एकेक जण आत जाई, बाहेर येई आणि पेटीत कागद टाकी. जाताना बहुतेक जण बेल्मिरूच्या खांद्यावर थोपटत होते. तेल्मा रामाल्यिन्या, वय एकतीस, कारखान्यात संगमरवराचे ठोकळे उचलणारी यारी चालवणारी आणि शनिवारी मुलींचा संघ शिकवणारी, थांबून म्हणाली, "बेल्मिरूकाका, तुम्ही असलात की आम्हाला धीर येतो बघा."

"धीर तुम्हाला, गुडघा माझा," तो म्हणाला. ती हसली. तो विनोद नव्हता.

दिओलिंदा आत गेली आणि लगेच बाहेर आली. मग त्याची पाळी.

पडद्यामागे जुन्या मखमलीचा आणि धुळीचा वास होता. कोरे ठेवायचे, हे त्याने ठरवले होते. त्याची एकट्याची वीस मते होती. दिओलिंदाची आणखी वीस. चाळीसने निकाल फिरणार नव्हता, पण निदान तिला खरे सांगता आले असते की मी तरी दिले नाही. त्याने पेन हातातही घ्यायला नको होते. पण बाहेर त्याच्यासाठी माणसे उभी होती. त्यांनी त्याचे नाव घेतले होते, आणि आपण इथे अंधारात उभे राहून त्यांना पाठ दाखवायची? मैदानात चेंडू समोरून आला की पाय पुढे जायचा. विचार मागून यायचा. हात तसाच गेला. पिवळ्या चौकटीत फुली पडली. दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या, लाद्यांवर खूण करताना करायचा तशा.

तो बाहेर आला तेव्हा दिओलिंदाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि नजर काढून घेतली.

मोजणीला पाल्मीराबाईंनी सर्वांत नव्या सदस्यांपैकी एक म्हणून तेल्माला जवळ बसवले. आधी पांढरे. बाजूने सत्तावीस, कोरे दोन. टाळ्या झाल्या. मग हिरवे. बाजूने पाच, कोरे दोन. म्हणजे बाजूने बावन्न मते, कोरी बारा. एवारिश्तू येऊन बेल्मिरूचा हात हलवू लागला. "अभिनंदन, अध्यक्षमहाशय. माझ्या टेबलाचा दुसरा खण अडकतो, जरा उचलून ओढायचा."

"अजून पिवळे आहेत," पाल्मीराबाई म्हणाल्या. "कोरा."

"बायकोचा!" कुश्तोदियू ओरडला. सगळे हसले. दिओलिंदाही थोडी हसली.

"कोरा."

"हा सासूचा असणार!"

"सासू वारली की रे."

"म्हणून तर कोरा!"

"कोरा," बाई म्हणाल्या. "कोरा."

हसणे विरळ झाले. तेल्मा खाली मान घालून रेघा मारत होती. पाचवा कोरा. सहावाही कोरा. खालून कोणीतरी ओरडून विचारले, गोगलगायी काढू का, आणि जिन्याजवळच्या माणसाने हाताने थांब म्हटले.

"बाजूने," पाल्मीराबाई सातवा कागद उलगडत म्हणाल्या. त्यांनी तो थोडा जास्त वेळ हातात धरला.

मग पुन्हा कोरा, कोरा, कोरा, कोरा.

"अकरा पिवळे," त्या म्हणाल्या. "एक बाजूने. दहा कोरे."

कोणी टाळी वाजवली नाही. पिवळे कागद मिळालेले बाकीचे बहुतेक जण पहिल्या दोन रांगांत बसले होते, आणि ते सगळे आपापल्या बुटांकडे पाहत होते. सर्वांना बेल्मिरूचे पाचशे अकरा सामने आठवत होते. त्यातल्या चौघांनी ते त्याच्याबरोबर खेळलेले होते.

"कोणी केलं हे?" मागून एक तरुण आवाज आला.

कुश्तोदियूने टोपी काढली. "एक मी टाकला. मला वाटलं, बाकीचे देणारच आहेत. निवडून तर येतोच आहे. निदान माझ्या हाताने तरी त्याला पुन्हा बांधायला नको. त्या गुडघ्यावर पट्टी बांधताना मी पाहिलंय रे त्याला. रडायचा नाही, पण घाम यायचा."

"मलाही तसंच वाटलं," दुसरा म्हणाला. "मी म्हटलं, माझ्या एकट्याच्या विसांनी काय फरक पडतो?"

"तूही?"

"आणि तू?"

एकेक मान हलली. पाल्मीराबाईंनी स्वतःची वही पुढे ओढली आणि कोणाकडे न पाहता म्हणाल्या, "एक माझा आहे. पुढे बोला."

शेवटी सगळ्यांच्या नजरा एवारिश्तूवर आल्या.

"तुम्ही नाही ना, रोझादूसाहेब?" तेल्माने विचारले. "तुम्हीच तर नाव सुचवलंत!"

"सुचवलं." औषधवाल्याने रुमालाने मान पुसली. "ते अध्यक्ष म्हणून सुचवलं. आत गेलो तेव्हा पडद्यामागे मी एकटाच होतो. पोरी, गेली सहा वर्षं मी त्याला गुडघ्याच्या गोळ्या देतोय." मग तो सावरला. "पण हे चालायचं नाही. ही चूक आहे. कोणालाच हे नको होतं. बाई, फेरमतदान घ्या."

"घेता येतं," पाल्मीराबाई म्हणाल्या. "सभेचं एकमत असेल, आणि उमेदवाराची हरकत नसेल, तर आत्ताच."

"एकमत!" एवारिश्तू म्हणाला. हात वर होऊ लागले. पहिल्या दोन रांगांतले सर्वांत आधी. ज्यांनी त्याला सोडवले होते ते आता ओशाळून त्याला परत बांधायला निघाले होते.

दिओलिंदाने हात वर केला नाही. ती त्याच्याकडे वळली. "तो एक पिवळा तुझा."

"हो."

"आत जाऊन फुली मारलीस."

"हात गेला."

"चाळीस वर्षं तुझा हातच जातोय," ती हळू म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी भांडणार नाही, बेल्मिरू. खोकी उघडायची तर सांग, आज संध्याकाळी उघडते. पण या वेळी तुझ्या तोंडून ऐकायचंय मला. बसून नाही. उभा राहून सांग."

बेल्मिरूला विचित्र वाटत होते. एकोणीस हंगामांत त्याला सामना चालू असताना चारदा बाहेर बोलावले होते. रेषेबाहेर जाताना छातीत जे दुखायचे तेच आता दुखत होते, आणि त्याच वेळी पायांतून जे ओझे उतरायचे तेही उतरत होते. दोन्हींत कुठले खरे, हे त्याला तेव्हाही ठरवता आले नव्हते.

त्याने खुर्चीच्या पाठीला धरले आणि तो उठला. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्यामुळे बोलणे सोपे गेले.

"फेरमतदान नको," तो म्हणाला.

"अरे, पण..." एवारिश्तू म्हणाला.

"माझी हरकत आहे. शिट्टी वाजली. निकाल मागे घेत नाहीत."

"मग नोंदणी? तीस तारीख? बेल्मिरू, विचार कर. दुसरं कोण आहे?"

या प्रश्नाला बेल्मिरूने आजवर एकच उत्तर दिले होते, आणि ते शब्दांत कधी दिले नव्हते.

"ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "मला खरंच माहीत नाही, एवारिश्तू." आणि तो खाली बसला.

सभागृह गप्प झाले. ही शांतता वाईट होती. त्र्याण्णव वर्षे एका बाजूला आणि चौदा दिवस दुसऱ्या बाजूला. बेल्मिरूला ती शांतता अंगावर घ्यावीशी वाटत होती. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. दिओलिंदाने ते पाहिले.

"बाई," तेल्मा मोजणीच्या टेबलावरूनच म्हणाली, "अध्यक्ष निवडला गेला नाही तर घटनेत काय आहे?"

"कलम चव्वेचाळीस. काम चालवायला पाच जणांची समिती. एक वर्ष. तिची नेमणूक सभाध्यक्ष करतो."

"तिला मतं लागतात?"

"नाही. पाच सह्या लागतात. नोंदणीच्या कागदावर समितीची सही चालते."

"मग लिहा माझं नाव."

"तुला काय येतं त्यातलं?" कुश्तोदियू म्हणाला. "चार वर्षं झाली नाहीत सदस्य होऊन. मत किती तुझं? एक!"

"एकच आहे, पण मी ते बाजूने दिलं होतं, कुश्तोदियूकाका. तुमच्यासारखं विसांचं लपवून ठेवलं नव्हतं." मागची रांग हसली. तिने वळून त्या रांगेकडे पाहिले. "आता हसताय काय? मघाशी पाय आपटत होतात. चार जण या इकडे. फार वेळ लावू नका, मला दोनच्या पाळीला यारीवर चढायचंय."

आधी एक जण उठला. मग एक मुलगी, तिच्यामागे तिचा नवरा, "ही गेली म्हणजे मला जावंच लागणार" असे म्हणत. पाचव्या सहीसाठी बराच वेळ गेला. शेवटी पोस्टातला एक माणूस आला, हिरव्या कागदवाला, आणि सही करताना म्हणाला की आपण फक्त एक वर्ष करू, पुढचे बोलू नका.

बेल्मिरूने ते वाक्य ऐकले आणि डोळे मिटले.

"नोंदणीचा अर्ज तीन प्रतींत भरायचा," तो न राहवून म्हणाला, "दुसऱ्या प्रतीवर..."

दिओलिंदाने त्याच्या हातावर हात ठेवला.

"...वाचा, त्याच्यावर सगळं लिहिलेलं असतं," त्याने वाक्य संपवले.

पाल्मीराबाई इतिवृत्त लिहू लागल्या. लोक उठून जिन्याकडे निघाले होते. खालून ताटल्यांचा आवाज येत होता. बाईंनी पेन थांबवून त्याला जवळ बोलावले आणि आवाज उतरवला.

"बेल्मिरू, मी असं लिहिते की तू माघार घेतलीस. तेही खोटं नाही. पाचशे सामने खेळलेल्या माणसाच्या नावापुढे हरल्याचा आकडा कशाला? हे पुस्तक पुढे कोणी तरी उघडेल, आणि ज्याला आपण कोणी माहीत नाही तो नुसता आकडा वाचेल."

बेल्मिरूने टेबलाच्या कडेला हात टेकून वजन डाव्या पायावर घेतले. तो दमला होता. तो थकवा गेल्या आठवड्याचा नव्हता, जुना होता, आणि आता झोपायला जागा मिळाल्यासारखा अंगभर पसरत होता.

"झालं तेच लिहा, बाई."

"नक्की?"

"नक्की."

पाल्मीराबाईंनी लिहिले, शाई वाळू दिली आणि रिवाजाप्रमाणे उरलेल्या नऊ जणांसमोर मोठ्याने वाचले : उमेदवार बेल्मिरू शरुआ, बाजूने बहात्तर मते, कोरी दोनशे बारा.